प्रतिरोधी जिवाणूंची गणना आणि आपले दवाखाने

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचा विषय निघाला की आपल्या वैद्यवर्गात दोन प्रकारचे उद्गार हमखास ऐकू येतात. पहिला असा की, हा प्रश्न आधुनिक वैद्यकाने निर्माण केला आहे, तो त्यांनीच निस्तरावा. दुसरा असा की, हे मोठ्या शहरांतील अतिदक्षता विभागांचे दुखणे आहे. देवगड-जामसंड्याकडे दवाखाना चालविणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध? हे दोन्ही उद्गार मला मान्य नाहीत. ते का मान्य नाहीत, हे थोड्या विस्ताराने सांगण्यासाठी हा लेखप्रपंच. सभासद वैद्यबंधू-भगिनींनी आणि विशेषतः आपल्या औषधविक्रेत्या सभासदांनी तो शांतपणे वाचावा. न पटल्यास पुढील अंकात अवश्य खंडन करावे.

प्रथम ही गणना कशी होते ते पाहू. रुग्णाचे रक्त, मूत्र अथवा पू प्रयोगशाळेत नेऊन त्यातील जिवाणू वाढविला जातो. त्या वाढीवर निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या कागदी चकत्या ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीभोवती जिवाणूविरहित वर्तुळ किती मिलिमीटरचे आहे ते मोजतात. वर्तुळ पुरेसे मोठे असेल तर औषध लागू पडण्याची आशा; लहान असेल किंवा नसेलच तर जिवाणू प्रतिरोधी. एका रुग्णापुरते हे चिकित्सेचे साधन झाले. परंतु एका रुग्णालयातील वर्षभराचे असे अहवाल, त्याच रुग्णाचा तोच जिवाणू दोनदा न धरता, एकत्र केले की त्या रुग्णालयाचे चित्र उभे राहते. अनेक रुग्णालयांचे एकत्र केले की देशाचे. सर्वांची मोजण्याची रीत एक असेल तरच एका देशाची दुसऱ्याशी तुलना करण्यात काही अर्थ असतो.

डेन्मार्कने १९९५ साली माणसे, जनावरे आणि अन्नपदार्थ या तिन्हींतील प्रतिरोधी जिवाणूंची एकत्र नोंद सुरू केली. १९९८ मध्ये नेदरलँड्सच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने युरोपीय देशांतील प्रयोगशाळांचे जाळे विणले गेले. २०१० पासून ते युरोपीय रोगनियंत्रण केंद्राकडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली ‘ग्लास’ या नावाने जगभराची एकत्र नोंद आरंभिली. तिच्या ऑक्टोबर २०२५ च्या अहवालात १०४ देशांची २०२३ ची माहिती आहे. प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या जिवाणूसंसर्गांपैकी जगात सरासरी सहामागे एक प्रतिरोधी निघाला. भारत ज्या आग्नेय आशिया विभागात मोडतो तेथे तिनामागे एक. प्रतिरोधामुळे थेट ओढवलेले मृत्यू २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार होते, असा अंदाज ‘लॅन्सेट’ने २०२२ च्या जानेवारीत प्रसिद्ध केला.

आकडे गोळा करून काय साधते, असा प्रश्न कोणी करील. त्याला इंग्लंडचे उत्तर आहे. मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस जिवाणू रुग्णाच्या रक्तात आढळल्यास त्याची नोंद करणे तेथील सरकारी रुग्णालयांना २००१ पासून सक्तीचे झाले. २००३-०४ मध्ये अशा सुमारे ७,७०० घटना नोंदल्या गेल्या. प्रत्येक रुग्णालय-समूहाचा आकडा नावानिशी जाहीर होऊ लागला, निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठरले, हात धुणे व शिरेतील नळीची निगा यांविषयी कठोर शिस्त आली आणि दहा वर्षांत ती संख्या हजाराच्या आत आली. यात कोणते नवे औषध कामी आले नाही. आपला आकडा शेजारच्या गावातील लोकही वाचणार आहेत हे कळल्यावर रुग्णालये वागण्यात बदल करतात, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

आपल्याकडे मात्र गणनेचे पहिले मोठे प्रकरण मानापमानाचे झाले. भारतीय वंशाचा एक स्वीडिश नागरिक दिल्लीत रुग्णालयात राहून परतला. स्वीडनमध्ये २००८ साली त्याच्या मूत्रात क्लेब्सिएला जिवाणू सापडला, तो कार्बापेनेम या अखेरच्या फळीतील औषधांनाही दाद देत नव्हता. तसे करणाऱ्या विकराला संशोधकांनी ‘न्यू दिल्ली’चे नाव दिले, त्याचेच संक्षिप्त रूप एनडीएम-१. ऑगस्ट २०१० मध्ये भारत, पाकिस्तान व ब्रिटन येथील नमुन्यांवरील निबंध ‘लॅन्सेट’च्या संसर्गविषयक नियतकालिकात आला, तेव्हा वैद्यकीय पर्यटनाविरुद्धचे हे कारस्थान असल्याचा गदारोळ आपल्याकडे झाला. शहराचे नाव देणे चुकलेच होते आणि ‘लॅन्सेट’च्या संपादकांनी २०११ च्या जानेवारीत त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. परंतु त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. मार्च २०१० मध्येच, म्हणजे लंडनहून काही येण्याआधी पाच महिने, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी भारतीय फिजिशियन संघटनेच्या मासिकात आपल्याच रुग्णालयाचे आकडे छापले होते. काही महिन्यांत सापडलेल्या २४ कार्बापेनेम-प्रतिरोधी जिवाणूंपैकी २२ मध्ये हे विकर होते. आपल्या घरात काय सापडले ते आपणच छापण्याचे धैर्य मुंबईने दाखविले होते, याचा महाराष्ट्राने अभिमान धरावयास हवा होता.

याच रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २०१० चे दुसरे एक काम आपल्या अधिक जवळचे आहे. धारावीत व्यवसाय करणाऱ्या १०६ डॉक्टरांना त्यांनी क्षयरोगाची चिठ्ठी लिहावयास सांगितली. त्या १०६ जणांनी ६३ निरनिराळ्या औषधयोजना लिहिल्या. बरोबर लिहिणारे ६ निघाले. बहुऔषधप्रतिरोधी क्षयाची योग्य चिठ्ठी तर केवळ तिघांना लिहिता आली. त्याआधी सुमारे वीस वर्षांपूर्वी, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील पाहणीत शंभरएक डॉक्टरांनी ८० योजना लिहिल्या होत्या. धारावीसारख्या वस्तीत आयुर्वेद, होमिओपॅथी आणि युनानीचे पदवीधर किती आहेत, हे मुंबई जाणणाऱ्याला सांगावयास नको. पुढे डिसेंबर २०११ मध्ये उदवाडियांनीच चाचणी केलेल्या सर्व औषधांना प्रतिरोधी असलेल्या क्षयाचे चार रुग्ण प्रसिद्ध केले आणि त्यांच्या पूर्वेतिहासात निरनिराळ्या खासगी डॉक्टरांच्या विस्कळित चिठ्ठ्या होत्या हे दाखविले. प्रश्न अतिदक्षता विभागात दिसला, पण तो तेथे जन्मला नव्हता.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ पासून प्रतिरोधाच्या नोंदीचे जाळे चालविले आहे. ई-कोलाय जिवाणूंपैकी इमिपेनेमला दाद देणारे २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के होते, ते २०२३ मध्ये सुमारे ६३ टक्क्यांवर आल्याचे त्या जाळ्याचे अहवाल सांगतात. आकडा भयावह आहे. परंतु तो प्रामुख्याने मोठ्या शहरांतील शिक्षणरुग्णालयांचा आहे, हे विसरून चालणार नाही. तेथे पोहोचणारा रुग्ण आधी दोन-तीन ठिकाणी औषध घेऊन आलेला असतो आणि गंभीर असतो. त्यावरून जामसंड्याच्या बाजारपेठेतील एखाद्या गृहिणीच्या मूत्रदाहाविषयी काही अनुमान काढणे अशास्त्रीय होईल. आपली स्थिती त्याहून बरी असू शकेल, कदाचित काही बाबतींत वाईटही असू शकेल. तिचे मूत्र कल्चरसाठी गेलेच नाही तर सांगणार कोण? मूत्राचा नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत लावावा लागतो किंवा थंड ठेवून चोवीस तासांत पोहोचवावा लागतो. तालुक्याच्या गावी ही साखळी जुळेपर्यंत रुग्णास तिसरे प्रतिजैविक सुरू झालेले असते, आणि मग कल्चर निष्फळ होते.

त्यात आपला रुग्ण फिरस्ता. देवगडचा माणूस आजारी पडला की आधी जवळचा दवाखाना, मग कणकवली, मग ऐपतीप्रमाणे कोल्हापूर किंवा बांबोळीचे गोमेकॉ. गोव्याने जानेवारी २०१८ पासून परराज्यातील रुग्णांस शुल्क लावले, तेव्हा आपल्या जिल्ह्यात केवढा असंतोष उसळला होता, त्यावरून या येण्याजाण्याचे प्रमाण ध्यानात येते. प्रत्येक पायरीवर मागची चिठ्ठी हरवलेली असते आणि नवे प्रतिजैविक आरंभिले जाते. नेदरलँड्ससारख्या देशात परदेशी रुग्णालयात राहून आलेल्या रुग्णास आधी वेगळे ठेवून त्याच्या अंगावरील जिवाणू तपासतात. आपल्याकडे दोन राज्ये आणि तीन रुग्णालये ओलांडून आलेल्याला ‘आधी काय घेतलेत?’ एवढेही विचारले गेले तरी मिळविली.

(जाता जाता एक. युरोपला जाणाऱ्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरानचा अंश आढळला तर माल नाकारला जातो, हे किनाऱ्यावरील मत्स्यव्यावसायिकांस पाठ आहे. कोळंबीच्या अंगातील प्रतिजैविकाचा हिशेब ठेवणारी यंत्रणा आपल्या देशाने उभारली. माणसाच्या अंगातील हिशेबाला मात्र अजून ग्राहक मिळत नाही.)

आपण वैद्य यात कोठे येतो? महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरास आधुनिक औषधे लिहिण्याची मुभा राज्याच्या कायद्याने आणि १९९२ च्या अधिसूचनेने आहे. १९९८ साली मुख्तियार चंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न त्या त्या राज्याच्या कायद्यावर सोपविला, तेव्हा आपल्या संघटनांनी केवढा निःश्वास टाकला होता, ते ज्येष्ठांना आठवत असेल. खेड्यापाड्यांत रात्री-अपरात्री उपलब्ध असणारा बहुधा आपलाच पदवीधर असतो, हा आपला युक्तिवाद होता आणि तो खरा आहे. पण मग त्याच युक्तिवादाने पहिल्या तापाला, पहिल्या खोकल्याला पहिली प्रतिजैविकाची गोळी लिहिणारेही पुष्कळदा आपणच ठरतो. हक्काच्या मोर्चात आपण पुढे असतो. चिठ्ठ्यांच्या तपासणीची भाषा निघाली की ‘आम्ही तर शुद्ध आयुर्वेदाचे’ असे म्हणू लागतो. ही सोय मला प्रशस्त वाटत नाही. प्रतिजैविक न लिहिणारे निष्ठावंत वैद्य आपल्यात आहेत, त्यांना हे लागू नाही. त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

काय लिहिले जाते, हेही अज्ञात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली प्रतिजैविकांचे तीन गट पाडले: अ‍ॅक्सेस म्हणजे प्रथम वापरावयाची, वॉच म्हणजे जपून वापरावयाची आणि रिझर्व्ह म्हणजे राखून ठेवावयाची. अमॉक्सिसिलिन व डॉक्सिसायक्लिन पहिल्या गटात, अझिथ्रोमायसिन व सेफिक्सिम दुसऱ्यात. भारतातील खासगी बाजारातील २०१९ च्या विक्रीचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जपून वापरावयाच्या गटाचा वाटा सुमारे ५५ टक्के होता आणि प्रथम वापरावयाच्या गटाचा अवघा २७. सर्वाधिक खपलेली गोळी अझिथ्रोमायसिन ५००, तिच्या मागोमाग सेफिक्सिम २००. आपल्या मेजावरील चिठ्ठ्यांचे पुस्तक उघडून ज्याने त्याने ताडून पाहावे. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ च्या सप्टेंबरात ठरविलेले उद्दिष्ट याच्या उलट आहे, म्हणजे २०३० पर्यंत एकूण वापराच्या किमान ७० टक्के अ‍ॅक्सेस गटातून.

स्वस्त आणि जुने औषध योग्य वेळी किती मोलाचे असते, ते सिंधुदुर्गातील वैद्याला शिकवावे लागत नाही. भातलावणीच्या दिवसांत चिखलात राबणारा गडी तीव्र ताप, पोटऱ्यांतील वेदना आणि लाल डोळे घेऊन येतो, तेव्हा लेप्टोच्या संशयाने डॉक्सिसायक्लिन त्वरित सुरू करून त्यास रुग्णालयात धाडणे हीच चिकित्सा. तेथे काढ्यावर वेळ घालविणे हा अपराध होय. म्हणूनच प्रतिजैविकांविरुद्ध मोहीम उघडावी असे मी म्हणत नाही. ज्या शस्त्राने लावणीचा गडी वाचतो ते प्रत्येक प्रतिश्यायावर झिजवू नये, एवढेच मागणे आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेने जिवाणू निर्ढावतील असा इशारा दिला होता. आपल्या पिंपरीच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन बनू लागण्यास तेव्हा अजून दहा वर्षे होती.

प्रतिश्याय, साधा कास, रक्त व ताप नसलेला अतिसार, जलदोषाचा ज्वर, यांत बहुतेक वेळा प्रतिजैविकाचे कामच नसते. लंघन, पाचन, सुंठ, सितोपलादि, कुटज यांचे क्षेत्र ते हेच. कृमींच्या चिकित्सेत चरकाने अपकर्षण व प्रकृतिविघात यांबरोबर निदानपरिवर्जनास तिसरे स्थान दिले आहे. आजच्या प्रश्नात त्या तिसऱ्याचे महत्त्व पहिल्या दोहोंहून अधिक आहे, असे माझे मत. मात्र अलीकडे आपल्या काही मंडळींनी चालविलेला प्रचार मला खटकतो. हळदीच्या वा निंबाच्या अर्काने काचेच्या बशीत प्रतिरोधी जिवाणूभोवती वर्तुळ पडले, की लगेच ‘आयुर्वेदाकडे उत्तर तयार आहे’ अशी जाहिरात होते. बशीतील अर्काची मात्रा रुग्णाच्या रक्तात पोहोचते का, पोहोचल्यास ती सुरक्षित आहे का, हे पाहिल्याखेरीज तो दावा करू नये. रक्तात जिवाणू पसरलेल्या रुग्णाबाबत असा दावा केला तर तो जिवावर बेतेल.

औषधविक्रेत्या सभासदांस आता थोडे कटू सांगावयाचे आहे. केंद्र सरकारने १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू केली. तिच्यातील ४६ औषधांत सेफिक्सिम, सेफपोडॉक्झिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, लिव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम आणि क्षयाची औषधे आहेत. चिठ्ठी लिहिणाऱ्याचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली संख्या यांची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावयाची असते. अझिथ्रोमायसिन व अमॉक्सिसिलिन २०१४ च्या त्या यादीत नव्हती, ही तिची उणीव. पण आहे त्या नोंदवहीचे तरी आपण काय करतो? कित्येक ठिकाणी ती महिनाअखेरीस एका बैठकीत भरली जाते, निरीक्षक येईतो खणात राहते आणि तीन वर्षांनी रद्दीत जाते. तिची बेरीज कोणी करीत नाही. वास्तविक देवगड-जामसंड्याच्या दुकानांतील या वह्यांची तिमाही बेरीज जरी झाली, तरी आपल्या दोन गावांत कोणते प्रतिजैविक किती खपते याचे असे चित्र मिळेल की जे आज कोणाजवळ नाही.

विक्रेत्यांची अडचण मी नाकारीत नाही. चिठ्ठीवाचून गोळी न दिली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, आणि ‘तो देतो, मग तुम्हांलाच काय झाले?’ हे ऐकावे लागते. एकट्याने सचोटी पाळणाऱ्याचे नुकसान होते, हे खरेच आहे. म्हणूनच हा निर्णय बाजारपेठेतील सर्व दुकानांनी एका दिवशी, एकत्र घ्यावयास हवा. संघटना असते ती अशाच कामासाठी. केरळने २०१८ मध्ये राज्याचा स्वतंत्र कृतिआराखडा केला आणि पुढे चिठ्ठीवाचून होणाऱ्या विक्रीविरुद्ध दुकानांवर धाडीही घातल्या. आपल्याकडे धाडी पडेपर्यंत थांबावे की आधीच आपली वही नीट करावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

माझी सूचना मर्यादित आहे. आपल्या शाखेतील प्रत्येक वैद्याने दर तिमाहीत कोणताही एक आठवडा निवडून त्या आठवड्यातील एकूण रुग्ण, प्रतिजैविक दिलेले रुग्ण, कोणते प्रतिजैविक आणि कोणत्या कारणाने, एवढ्याच गोष्टी एका तक्त्यात लिहाव्यात. रुग्णाचे नाव नको, वैद्याचेही नको. विक्रेत्यांनी एच-१ वहीतील औषधवार बेरीज द्यावी आणि अझिथ्रोमायसिन व अमॉक्सिसिलिन यांची बेरीज तिला स्वेच्छेने जोडावी. आयुर्वेदीय औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारा राष्ट्रीय उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला, तेव्हाही ‘आपल्या औषधांची बदनामी होईल’ अशी भीती आपल्यातीलच अनेकांनी बोलून दाखविली होती. तशी काही बदनामी झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

कल्चरचा प्रश्न याहून अवघड असला तरी पूर्वीइतका नाही. ओरोस येथे २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे आणि वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आलाच. तेथील विभागप्रमुखांस आपल्या शाखेने पत्र लिहून विचारावे की, आठवड्यातून ठरावीक दोन दिवशी देवगड तालुक्यातून शीतपेटीत पाठविलेले मूत्राचे नमुने स्वीकारता येतील काय, आणि वर्षअखेर केवळ आपल्या तालुक्याचा निष्कर्ष वेगळा काढून देता येईल काय. पहिल्या प्रतिजैविकाने तीन दिवसांत उतार न पडलेला मूत्रदाह, एवढाच निकष पहिल्या वर्षी ठेवावा. दुसरे औषध लिहिण्यापूर्वी नमुना घ्यावयाचा, हा नियम मात्र सर्वांनी पाळला पाहिजे. अन्यथा शीतपेटीचा खर्च वाया जाईल.

पत्राचा आणि तक्त्याचा मसुदा मी तयार केला असून तो शाखेच्या येत्या बैठकीत मांडणार आहे. तक्त्यात ‘कारण’ या स्तंभाखाली आधुनिक निदान लिहावे की आयुर्वेदीय, याविषयी दुमत संभवते. माझ्या मते दोन्हींस जागा ठेवावी. विक्रेत्या सभासदांनी त्या दिवशी आपली मागील तिमाहीची एच-१ वही सोबत आणली, तर बेरजेस किती वेळ लागतो तेही तेथेच कळेल.